केस सोडणं आणि केस जाणं

माताजींचा केशलोच असला की आमच्या बस्तीत सकाळपासून बायकांची गर्दी होते. वस्तरा नाही, कात्री नाही. राख लावून बोटांनी एकेक झुपका उपटायचा. त्या दिवशी उपवास. दोन ते चार महिन्यांनी हे पुन्हा यायचंच. आपण डोळे पुसत बघतो आणि घरी परतताना म्हणतो, "आपल्याला विंचरताना एक गुंता ओढला तरी सहन होत नाही बाई!"

हे बघत मी लहानाची मोठी झाले. म्हणूनच की काय, केसांसाठी जीव टाकणं मला नेहमी थोडं हलकं वाटत आलं. त्या वाटण्याची किंमत माझ्या धाकट्या जावेनं मोजली.

तिला स्तनाचा कर्करोग निघाला. केमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं थंड टोपीबद्दल सांगितलं. जावेनं बाहेर येऊन मला विचारलं, "अक्का, घ्यायची का ती टोपी? पैसे वेगळे पडतात." मी पटकन बोलून गेले, "अगं, जीव वाचतोय ते बघ. केसांचं काय, परत येतात. एवढा मोह बरा नव्हे. एक डोस होऊ दे, मग बघू." ती गप्प बसली. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

ती टोपी काय असते हे मी नंतर समजून घेतलं. केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. केसांची मुळंही झपाट्यानं वाढणारी, म्हणून तीही सापडतात. टोपीतून गार द्रव फिरत राहतो, डोक्याची कातडी थंड पडते, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. औषधाच्या साधारण अर्धा तास आधी ती घालायची, औषध चालू असेपर्यंत ठेवायची आणि नंतरही तास-दीड तास. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं डोकं ठणकतं, हुडहुडी भरते. म्हणजे हेही काही सुखासुखी नाही. गुणही सगळ्यांना येत नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. टोपी घातलेल्या 95 जणींपैकी 48 जणींचे निम्म्याहून अधिक केस टिकले. टोपी न घातलेल्या 47 जणींपैकी एकीचेही नाही. औषध कोणतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. रक्ताच्या कर्करोगात तर ती वापरत नाहीत.

आणि मुख्य गोष्ट ही की टोपी पहिल्याच डोसपासून घालावी लागते. "एक डोस होऊ दे" म्हणून मी तिची वेळच घालवली होती. तिसऱ्या आठवड्यात तिच्या उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले.

बघायला येणाऱ्या बायका धीर द्यायच्या. एकजण कौतुकानं म्हणाली, "अगदी माताजींसारखी दिसतेस गं!" ती गेल्यावर जाऊ म्हणाली, "अक्का, माताजींनी केस सोडलेत. माझे गेलेत."

स्वाध्यायाला इतकी वर्षं बसून मला जे कळलं नव्हतं, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मुंडण केलेली सगळी डोकी सारखीच दिसतात. पण आर्यिकेचा लोच तिच्या इच्छेचा. पूर्वी काही घरांत विधवेचं केशवपन करत, त्यात तिला कोण विचारत होतं? एकाला आपण व्रत म्हणतो, दुसऱ्याला जुलूम. फरक केसांत नाही, मर्जीत आहे. नाइलाजानं सोसलेल्या दुःखाला आपल्या शास्त्रात अकामनिर्जरा असं वेगळंच नाव आहे. तिला कुणी तप म्हटलेलं नाही.

मग टोपी मागणं हा मोह नाही का? असेलही थोडा. पण श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलंय, सर्वत्याग नव्हे. मी स्वतः दर महिन्याला केसांना रंग लावते आणि तिला वैराग्य सांगत होते! शिवाय तिला मिरवायचं कुठं होतं? भाजीवालीनं नेहमीसारखं भाव सांगावा, डोक्याकडे बघून आवाज हळू करू नये, एवढंच तिला हवं होतं. आजार कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे तिच्या हातात राहिलं असतं.

कुणी आधीच केस उतरवून मोकळी होते, कुणी गंगावन किंवा विग लावते, कुणाला टोपी परवडत नाही. यातली कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. त्याग आपला आपणच करायचा असतो. दुसरीच्या डोक्यावर तो लादला की ती हिंसाच, मग शब्द कितीही गोड असोत.

तिचे केस आले परत, आधीपेक्षा कुरळे. त्या दिवसाबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, "राहू दे हो अक्का." ते मला अजून राहू देता येत नाही.

म्हणून एवढंच सांगते. उद्या तुमच्या घरातली कुणी असं विचारायला आली, तर आधी धर्म सांगू नका. "तुला काय हवंय?" असं विचारा, आणि पहिल्या डोसच्या आधी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.