बापू काय म्हणाले?

‘लगे रहो मुन्नाभाई’ दोन ऑक्टोबरच्या आसपास टीव्हीवर लागतोच. घरात चार माणसं असली की सिनेमा संपल्यावर मतंही चार निघतात. आजोबांना वाटतं, गांधींना उगाच गुंडाच्या पंगतीला बसवलं. सून म्हणते, असू दे हो, त्या निमित्तानं पोरांच्या कानावर गांधींचं नाव तरी पडलं. कॉलेजातला नातू म्हणतो, त्या मुन्नाला सरळसरळ आजार झाला होता, त्यात हसायचं काय? आजी काहीच म्हणत नाहीत. उठतात आणि चहाच्या कपबशा गोळा करायला लागतात. मला मात्र या चौघांत आजींचंच मत ऐकायची जास्त उत्सुकता असते. समोर नसलेल्या माणसाशी बोलायची सवय त्या घरात बहुधा त्यांनाच असते. देवापुढं वात लावताना, तांदूळ निवडताना, ओठ हलत असतात. ते सगळंच स्तोत्र नसतं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजकुमार हिरानींचा हा सिनेमा २००६ सालचा. रेडिओवर बोलणाऱ्या मुलीला भेटता यावं म्हणून मुन्ना हा गुंड गांधींवरच्या प्रश्नांची स्पर्धा लबाडीनं जिंकतो. इतिहासाचा प्राध्यापक असल्याची थाप मारतो. थाप निभवायची तर वाचायला हवं, म्हणून ग्रंथालयात ठाण मांडतो. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही. तिथं त्याला बापू दिसतात. बाकी कुणाला दिसत नाहीत. हे बापू दिलीप प्रभावळकरांनी केले आणि त्यांना त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही तेच. एका माणसाच्या अंगात तात्या विंचूही मावतो आणि बापूही, याचं मला अजून नवल वाटतं. सगळ्यात धीट प्रसंग मात्र पुढं येतो. एक डॉक्टर सगळ्यांसमोर मुन्नाला बापूंना प्रश्न विचारायला लावतो. मुन्नाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच बापूंना सांगता येतं. जे मुन्नानं वाचलेलं नाही, तिथं बापू गप्प होतात. म्हणजे ते बापू मुन्नाच्याच डोक्यातले. बघणारे इथं हळहळतात. बिचाऱ्याचं पितळ उघडं पडलं, म्हणतात. मला तसं वाटत नाही. ठाऊक तर सगळं मुन्नालाच होतं. पण एकट्यानं त्याला खरं बोलायला जमत नव्हतं. शेजारी बापू बसले तेव्हा जमलं. माहितीत एका अक्षराची भर पडली नाही, तरी माणूस बदलला. आपल्यालाही रोज नव्या माहितीची गरज पडते असं कुठं आहे? ऑफिसात कुणाशी कसं वागायचं, कुणाचे पैसे आधी परत करायचे, कुणाला आज फोन करायचा, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ते कुणीतरी आपल्यालाच परत सांगावं लागतं, एवढंच.

आमच्या बेळगावला खरे बापू येऊन गेलेत. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्ष म्हणून चालवलेलं हे एकमेव अधिवेशन. तेव्हा पाण्याच्या सोयीसाठी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. लहानग्या गंगूबाई हनगल तिथं स्वागताला गायल्या होत्या. त्या अधिवेशनात सुताचा नियम मान्य झाला. काँग्रेसचा सभासद व्हायचं तर महिन्याला २,००० वार सूत द्यायचं, स्वतः कातून नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेऊन. असा हा वारावर मोजून मागणारा माणूस. त्याला कुणी स्वप्नाळू म्हणणार नाही. पण याच माणसानं १९३३ साली येरवड्याच्या तुरुंगातून जाहीर केलं की आपल्याला आतून आवाज ऐकू आला. त्या आवाजाचं ऐकून त्यांनी ८ मे रोजी २१ दिवसांचा उपवास धरला. भास झाला असेल, असं तेव्हाही लोक म्हणालेच. साऱ्या जगानं एकमुखानं तसा निवाडा दिला तरी माझा विश्वास हलणार नाही, अशा अर्थाचं गांधीजींनी लिहून ठेवलंय. स्वतः असा आवाज ऐकलेला माणूस ७३ वर्षांनी पडद्यावर एका गुंडाच्या शेजारी येऊन बसला, हे मला तरी शोभूनच दिसतं. आजोबांनी रागावू नये.

तरी आपला निवाडा माणूस बघून बदलतो. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, हे आपण हात जोडून ऐकतो. शेजारच्या काकू गेलेल्या काकांशी बोलल्या की मात्र आपल्या भुवया वर जातात. वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ माणसांना घरी जाऊन विचारलं आणि १९७१ साली ते छापलं. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखं वाटत होतं. काहींना तो दिसे, काहींना ऐकू येई, काही त्याच्याशी बोलत. पुष्कळांना त्याचा आधारच वाटत होता. पण बहुतेकांनी हे त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. या शेवटच्या वाक्याशी मी अडखळतो. आधार वाटणारी गोष्ट, आणि ती घरातल्या माणसांपासून लपवायची! लोक हसतील म्हणून. पोरं डॉक्टरकडं नेतील म्हणून. मग आजी कपबशा गोळा करतात त्यात काय आश्चर्य?

इथं मला मुन्नाचा साथीदार सर्किट आठवतो. त्याला बापू दिसत नाहीत. तरी भाईची साथ तो सोडत नाही. सिनेमावर भरभरून बोलणाऱ्यांच्या मतांत हा गडी बहुतेक राहूनच जातो. सगळे बोलतात दिसणाऱ्याबद्दल आणि ज्याला दिसतं त्याच्याबद्दल. शेजारी उभा असलेला तिसरा माणूस कुणी मोजत नाही. घरात आपण बहुतेक वेळा तोच तिसरा माणूस असतो. आई स्वयंपाकघरात एकटीच बोलताना दिसली की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘कुणाशी बोलतेस गं?’ त्यात वाईट हेतू नसतो. पण ती दचकते, ‘कुणाशी नाही’ म्हणते आणि विषय मिटतो. त्याऐवजी ‘काय म्हणाले बाबा?’ असं विचारून बघा. ती आधी हसेल. मग सांगेल. दहातल्या नऊ वेळा निघेल साधंच काहीतरी. गॅसची नळी बदलायला सांगितलीय. धाकट्याच्या लग्नाला घाई करू नका म्हणालेत. थोडक्यात, आईला जे म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं, ते बाबांच्या नावानं बाहेर येईल. ऐकून घ्यायला दोन मिनिटं लागतात. डबा भरता भरता होतं.

सगळ्याच गोष्टी अशा गोड असतात असं नाही. प्रशांत दळवींचं ‘ध्यानीमनी’ हे नाटक बघितलेल्यांना हे सांगायला नको. चंद्रकांत कुलकर्णींनी २०१७ मध्ये त्याचा सिनेमाही केला. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी माफ करावं, मी गुपित फोडतोय. मूल नसलेल्या घरात नसलेल्या मुलाचा संसार चाललेला असतो, आणि नवरा बायकोसाठी त्यात सामील झालेला असतो. तिथं साथ देणंच गळ्याशी येतं. तेव्हा आवाज छळत असेल, झोप उडवत असेल, जिवाला काही करून घ्यायला सांगत असेल, तर ‘काय म्हणाले’ एवढं विचारून भागणार नाही. सरळ डॉक्टरांकडं न्यावं. बेळगावहून धारवाडची मनोरुग्णांची मोठी सरकारी संस्था फार लांब नाही, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर फुकट लागतो. मात्र तिथं कुणाला न्यायचं हे कळायलाही आधी त्या माणसानं आपल्याला काही सांगितलेलं असावं लागतं. दचकून गप्प झालेला माणूस चांगलंही सांगत नाही आणि वाईटही सांगत नाही.

निपाणीकडं तंबाखूच्या वखारी आहेत. तिथले एक वृद्ध व्यापारी संध्याकाळी चोपडी लिहायला बसले की स्वर्गवासी भागीदाराशी बोलतात. भागीदार फार चिक्कू होते. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण वखारीतली त्यांची गादी तशीच आहे. कुणी उधारी मागायला आलं की हे मान वळवून त्या गादीकडं बघतात. पाव्हणा अवघडून जातो. नवा कारकून पहिल्या दिवशी घाबरलाच होता. जुने हमाल आता सरावलेत, त्यांना त्यात वावगं वाटत नाही. परवा एक तरुण शेतकरी पोरीच्या फीसाठी उचल मागायला आला. म्हाताऱ्यांनी सवयीनं गादीकडं बघितलं. पोरगा गोंधळला. तेवढ्यात पोतं डोक्यावर घेऊन चाललेल्या हमालानं वाटेतच थांबून विचारलं, ‘काय म्हणालेत मालक?’

‘नको म्हणालाय,’ म्हातारे पेटी उघडत म्हणाले. ‘जित्तेपणीबी हेच म्हणायचा. पर ह्या वेळंला मी त्याचं ऐकणार न्हाई.’