ध्रुपद

अभंगांचा छापील गाथा उघडला की पहिल्या कडव्याच्या शेवटी ॥१॥ असा आकडा दिसतो, आणि दुसऱ्या कडव्यापाशी दोनाचा आकडा शोधावा तर तिथे बहुधा ॥ध्रु.॥ एवढीच खूण असते. दोनाचा आकडा त्याच्या पुढच्या कडव्याला मिळतो. लहानपणी मला ही छापखान्याची चूक वाटे. पुढे ठाकुर्लीच्या भजनी मंडळींत टाळ गळ्यात घालून मागच्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा उमगले की बाकीची कडवी एकदा म्हणून पुढे जायचे असते, म्हणून त्यांना क्रम असतो. ध्रुपदाकडे दर कडव्यानंतर परत यायचे असते, आणि जे दर वेळी येते त्याला क्रमांक कोणता द्यावा? सज्जनहो, या एका खुणेपाशी मी कित्येक वर्षे घुटमळलो आहे. आज आपणही तिथे थोडे थांबू.

शब्द मूळचा ध्रुवपद. ध्रुव म्हणजे अढळ, आणि पद म्हणजे कवितेची ओळही आणि पाऊलही. आता पाऊल तर चालण्यासाठीच असते, मग अढळ पाऊल म्हणजे काय? याचे उत्तर मला कोशात मिळाले नाही, ते टाळकऱ्याच्या पावलीत मिळाले. पावली खेळताना पाय पुढे जातो, मागे येतो, देह डोलतो, टाळ वर उठतो, आणि एवढे सगळे होऊन माणूस आपल्या जागी असतो, रांग मोडत नाही. ध्रुपदाचे अढळपण हे असे आहे: दगडाचे नव्हे, परतण्याचे. आकाशातला ध्रुवही काही सर्वांत तेजस्वी तारा नाही. त्याच्याहून कितीतरी झळझळीत तारे उगवतात आणि मावळतात. ठाकुर्लीच्या आकाशात तो उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, आणि इमारतींच्या गर्दीत तो दिसायचा म्हणजे गच्चीवरच जावे लागते. तरी वधूवरांना आपण दाखवतो तो ध्रुवच, तेजस्वी व्याध नव्हे.

मराठीने या शब्दाला क्रियापद दिले तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. अभंग आपण म्हणतो, गौळण गातो, गजर करतो. ध्रुपद मात्र धरतो. हात धरणे, धीर धरणे, व्रत धरणे, पावसाने धरणे, या साऱ्यांत जे धरणे आहे तेच इथे आहे. कीर्तनकार चरण सोडवू लागतो, एका शब्दावरून दुसऱ्या ग्रंथात जातो, दृष्टांतातून दृष्टांत निघतो, श्रोता त्याच्यामागे दूरवर जातो, आणि मग मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद धरले की सगळी सभा एका क्षणात मूळ ओळीवर येते. पुढचा माणूस निर्भयपणे लांब जाऊ शकतो, कारण मागच्यांनी घर राखलेले असते. तुकोबांच्या (१६०८–१६५०) मागे चौदा टाळकरी उभे राहत असे परंपरा सांगते. त्यांतले संताजी जगनाडे आपल्याला ठाऊक आहेत ते त्यांनी अभंग लिहून ठेवले म्हणून. बाकीच्यांची नावे चटकन सांगू शकेल असा वारकरीही विरळा. मला यात खेद वाटत नाही. ध्रुपद धरणाऱ्याचा आवाज वेगळा ऐकू आला तर ध्रुपद सुटले असे समजावे. माझ्या पहिल्या सप्ताहात मी हौसेने सूर चढवला, तेव्हा शेजारच्या वृद्ध टाळकऱ्याने काही न बोलता आपला टाळ माझ्या टाळाला हलकेच टेकवला. त्या स्पर्शात मला जे कळले ते सांगायला त्याला तासभर लागला असता.

आमच्या गावाला ही विद्या सहज मिळाली. ठाकुर्ली म्हणजे मूळचे चोळे आणि भोवतालची आगरी गावे, ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांनी या साऱ्या पट्ट्यात वारकरी पंथ रुजवला, आणि आज डोंबिवलीचे क्रीडासंकुल त्यांचे नाव मिरवते. इकडे रेल्वेच्या विजेसाठी चोळ्याचे वीजघर उभे राहिले, बावनचाळीसारख्या रेल्वे वसाहती वसल्या, आणि कोकणातून, घाटावरून आलेली माणसे आपापल्या चाली घेऊन आली. घाटावरच्यांचा वीणा, मृदंग, टाळ; कोकणातल्या बुवांची पेटी, पखवाज आणि चकी. कोकणी भजनात बुवांच्या मागे बसणाऱ्यांना कोरस म्हणतात, आणि गजराची लय चढली की हा कोरस ओळ अशी झेलतो की बुवांना श्वास घ्यायला जागा मिळते. दिंडीत समोरासमोर दोन रांगा असतात, एकीने सोडलेली ओळ दुसरी उचलते. रीत वेगळी, पण दोन्हीकडे ध्रुपद खाली पडू द्यायचे नाही हा नेम एकच.

ठाकुर्लीला जलद गाड्या थांबत नाहीत. आमच्या वाट्याला धीमी गाडी आली, आणि तिने आम्हाला मुंबईपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरांचा, तासाभराहून अधिक वेळाचा रोजचा सत्संग दिला. कोणी कल्याणला चढे, कोणी ठाकुर्लीला, कोणी डोंबिवलीला. कुर्ल्याला एखादा उतरे, दादरला निम्मे जात. चरण म्हणणारा अर्ध्यावर उतरून जाई, पण ध्रुपद पुढच्या स्थानकापर्यंत पोहोचे, कारण ते कुणा एकाच्या ओठांवर नव्हते. गाडीच्या डब्यातल्या या भजनाविषयी काही प्रवाशांच्या तक्रारी झाल्या आहेत, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रात्रपाळी करून झोपेला आलेल्या माणसाच्या कानाशी पत्रा बडवणे ही भक्ती नव्हे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या शेजारी आपण उभे आहोत त्याची झोपही ध्रुपदात धरलेली असावी. आमच्यातली जाणती माणसे खिडकीशी डोके टेकलेला कोणी दिसला की टाळ बंद करून ओठांतल्या ओठांत म्हणत, आणि तशा दिवशी लय अधिक नेटकी राही.

आता वर्षाकडे पाहा. भजनी मंडळाचे वर्षही अभंगासारखेच रचलेले असते. आषाढीला वारी, श्रावणात सप्ताह, भाद्रपदात घरोघरच्या गणपतींपुढे जागर, दसऱ्याच्या सुमारास झेंडूच्या माळांनी सजवलेला लोकलचा डबा, आणि आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. पुढे दत्तजयंती, रामनवमी, हनुमानजयंती. हे सगळे चरण. या साऱ्यांत मला काकडाच ध्रुपदासारखा वाटतो, कारण इतर प्रसंगी ऐकायला लोक असतात, मंडप असतो, प्रसाद असतो. काकड्याला पहाटेच्या गारव्यात बहुतेक वेळा म्हणणारेच असतात. मृदंगाच्या एका तोंडाला कणीक लावण्याचा तो ओला आवाज, काकड्याच्या तुपाचा वास, आणि भजन संपताच धावत गाठायची गाडी. तीस वर्षांपूर्वीच्या काकड्याला उभी असलेली माणसे आणि परवाच्या काकड्याची माणसे यांत तीनचारच समान होती. ओळ तीच होती.

एकदा मात्र चरण राहिले आणि धरणारे पांगले. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. देवळांची दारे मिटली. त्या वर्षी आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपूरला गेल्या. आम्ही आपापल्या घरी ठरल्या वेळी अभंग म्हणत असू, आणि मला प्रथमच कळले की एकट्याने ध्रुपद म्हणता येते, धरता येत नाही; धरायला दुसऱ्या बाजूने कोणीतरी ओढणारे लागते. भिंतीपलीकडून शेजाऱ्याचा खोकला ऐकू आला तरी मी त्याच्यासाठी अर्धी मात्रा थांबत असे. लोकल सर्वांसाठी पुन्हा सुरू झाली आणि मंडळ देवळात जमले, तेव्हा रांगेत काही जागा रिकाम्या होत्या. कोणी कोणाला काही विचारले नाही. मृदंग वाजला, पुढच्यांनी चरण उचलला, आणि ध्रुपदाच्या जागी आम्ही सगळे त्या रिकाम्या जागांचाही आवाज भरून काढावा तसे किंचित मोठ्याने म्हणालो. तेवढ्यापुरता कोणी टाळाला टाळ टेकवला नाही.

मंडळाचा जुना गाथा आता माझ्याकडे असतो. शिवण सुटली आहे, कडा तेलकट झाल्या आहेत. पुष्कळ अभंगांत ॥ध्रु.॥ या खुणेभोवती पेन्सिलीने गोल केलेले आहेत, काही ठळक, काही थरथरत्या हाताचे, काही एकावर एक. प्रत्येक नव्या टाळकऱ्याने परतायची जागा चुकू नये म्हणून आपल्या हाताने केलेले. गेल्या कार्तिकात एका मुलाने, सहावी-सातवीतला असेल, काकड्यानंतर माझ्याकडे पेन्सिल मागितली. मी गाथा त्याच्यापुढे सरकवला आणि चपला शोधू लागलो.