खंडित अभ्यास आणि भगवंतांचे आश्वासन

हिवाळ्याची सुटी संपून प्राथमिक शाळा पुन्हा भरणे, ही घटना वरवर पाहता अगदी सामान्य आहे. छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात 18 डिसेंबरला गुरु घासीदास जयंती साजरी होते, पुढे नाताळच्या सुमारास शाळांना काही दिवसांची सुटी मिळते आणि वर्ष पालटण्याच्या संधीवर मुले परत वर्गात येऊन बसतात. पहिल्या दिवशी प्रार्थनेची रांग वेडीवाकडी होते. सुटीपूर्वी तोंडपाठ असलेला तेराचा पाढा मध्येच अडखळतो. कोणाचा गृहपाठ अर्धाच राहिलेला असतो, कोणाचे मन अजून आजोळच्या अंगणातच असते, आणि एखाद्या मुलाची जागा रिकामीच राहते. गुरुजींच्या मनात त्या वेळी सहज विचार येतो की, सहा महिने कष्टाने जे उभे केले ते आठ दिवसांत मोडून गेले काय?

हा प्रश्न शाळेपुरता मर्यादित नाही. ज्या गृहस्थाने नित्यपाठाचा नियम धरला आणि प्रवासात, आजारात किंवा कन्येच्या लग्नाच्या गडबडीत तो सोडला, त्यालाही हीच शंका ग्रासते. एकदा तुटलेला क्रम पुन्हा जोडावयाचा कोणत्या तोंडाने? आणि जो क्रम सोडून गेला होता तो परत आला, तर त्याचे स्वागत कसे करावे? हे दोन्ही प्रश्न धर्माचे आहेत व श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात त्यांचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे.

त्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांपुढे दोन अडचणी मांडल्या आहेत. पहिली अडचण मनाच्या चंचलतेची. वाऱ्याला मुठीत धरणे जसे कठीण, तसेच मनाला आवरणे कठीण, असे तो म्हणतो. भगवंत ते नाकारीत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय ते सांगतात. हा अभ्यास करावा कसा, हेही त्यांनी याच अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात आधीच सांगून ठेविले आहे: मन ज्या ज्या ठिकाणी भरकटेल, तेथून तेथून त्याला माघारी आणून आत्म्याच्या ठायी स्थिर करावे. मन एकदाही भरकटू नये अशी अट त्यांनी घातलेली नाही. ते भरकटणार हे गृहीतच धरले आहे, आणि प्रत्येक वेळी माघारी आणणे यालाच अभ्यास हे नाव दिले आहे.

मराठी भाषेने या शब्दाचा केवढा मोठा उपयोग केला आहे पाहा. शाळेतील मुलगा पाटीपुस्तक घेऊन जे करतो त्यालाही मराठी माणूस ‘अभ्यास’च म्हणतो. ‘अभ्यासाला बस’ असे आई मुलाला दिवसातून चार वेळा सांगते, तेव्हा नकळत ती गीतेचाच शब्द उच्चारीत असते. मूल खेळायला जाते, हाक ऐकून परत येते, पुन्हा उठते, पुन्हा बसते. हे वारंवार परत येणे हाच त्याच्या अभ्यासाचा गाभा होय. ज्या मुलाला परत येण्याची सवय लागली, त्याला विद्या लागलीच असे समजावे.

अर्जुनाची दुसरी अडचण याहून हृदयस्पर्शी आहे. श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला व मन योगापासून ढळले, अशा माणसाचे काय होते? फुटलेल्या ढगाप्रमाणे तो इकडचाही नाही व तिकडचाही नाही, असा विरून तर जात नाही ना? भगवंत येथे ‘बाबा रे’ अशा मायेच्या स्वरात अर्जुनाला संबोधतात आणि सांगतात की, कल्याणाच्या मार्गाने चालणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही. असा योगभ्रष्ट पुरुष शुद्ध आचाराच्या संपन्न घरी किंवा ज्ञानी योग्यांच्या कुळात पुन्हा जन्म घेतो, पूर्वजन्मी मिळविलेली बुद्धी त्याला तेथे परत लाभते व तेथून पुढे तो अधिक जोमाने यत्न करू लागतो. म्हणजे हिशेब जेथे थांबला होता, तेथूनच पुढे चालू होतो. दुसऱ्या अध्यायातही भगवंतांनी हेच सांगितले आहे की, या मार्गात आरंभ केलेल्या प्रयत्नाचा नाश नाही.

या वचनात एक बारकावा आहे. पूर्वीचा संस्कार नष्ट होत नाही एवढेच सांगून भगवंत थांबले नाहीत. तो संस्कार पुन्हा अंकुरावा म्हणून अनुकूल घर लागते, हेही त्यांनी सांगितले. बी मातीत सुरक्षित असते, परंतु पाऊस पडावा लागतो. जन्मांतरी असे घर देणे ईश्वराच्या हाती आहे. पण याच जन्मी, सुटीहून परतलेल्या बालकाला तसे घर आणि तशी शाळा देणे हे गृहस्थाच्या व गुरुजींच्या हाती आहे. गीतेचे आश्वासन सिद्धीस नेण्याचा एक वाटा अशा रीतीने मनुष्याकडे सोपविलेला आहे.

रायपूर शहराच्या इतिहासातच याची दोन उज्ज्वल उदाहरणे आहेत.

सन 1877 मध्ये विश्वनाथ दत्त हे कलकत्त्याचे वकील कामानिमित्त रायपुरास होते आणि त्यांचे कुटुंब त्यांच्याकडे राहावयास आले. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती. पुढचा प्रवास अरण्यातून बैलगाडीने करावा लागला. त्या गाडीत चौदा वर्षांचा नरेंद्र होता, जो पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगाला ठाऊक झाला. रायपुरात त्या काळी त्याच्या योग्यतेची शाळा नव्हती. त्यामुळे सुमारे दोन वर्षे त्याचे शालेय शिक्षण खंडित झाले. परंतु वडिलांचे घर हीच त्याची पाठशाळा झाली. घरी येणाऱ्या विद्वानांची चर्चा तो ऐके, तीत भाग घेई, आणि वडील त्याला आपले मत निर्भयपणे मांडू देत. सन 1879 मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले, नरेंद्राला शाळेत पुन्हा प्रवेश मिळाला, आणि राहिलेला तीन वर्षांचा अभ्यास एका वर्षात भरून काढून तो प्रवेश परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. रायपूरच्या बूढा तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात आणि शहराच्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. सुटी संपून शाळा भरल्यावर थोड्याच दिवसांत 12 जानेवारीला त्यांची जयंती येते. तेव्हा मुलांना त्यांच्या शिकागोच्या व्याख्यानाबरोबर हेही सांगितले पाहिजे की, याच गावात या महापुरुषाची शाळा दोन वर्षे बुडाली होती, आणि तरीही काही बुडाले नाही.

दुसरे उदाहरण पंडित माधवराव सप्रे यांचे. मराठी कुळात 1871 मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने सन 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे नागपुरातून लोकमान्यांच्या विचारांचे ‘हिंदी केसरी’ चालविले. सन 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी सरकारला क्षमापत्र लिहून दिले व त्यांची सुटका झाली. या गोष्टीने त्यांचे अंतःकरण पोळून निघाले. सार्वजनिक जीवनापासून दूर जाऊन, मधुकरी मागून, समर्थांच्या दासबोधाचे परिशीलन करीत त्यांनी काही काळ घालविला. अर्जुनाने विचारलेला योगभ्रष्ट तो हाच, असे कोणालाही वाटावे. परंतु ते परतले. रायपुरात राहून त्यांनी दासबोध हिंदीत आणला, मुलींसाठी पाठशाळा काढली, आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चा त्यांनी केलेला हिंदी अनुवाद 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पत्राच्या कामी पाऊल मागे पडले होते, त्या लोकमान्यांचाच ग्रंथ हिंदी भाषिकांच्या घरोघरी पोहोचविण्याचे भाग्य त्यांना लाभले. सन 1926 मध्ये रायपुरातच त्यांनी देह ठेविला. आज त्या शहरात त्यांच्या नावाची शाळा आहे.

येथे कोणी अशी शंका घेईल की, परतणाऱ्याला इतके अभय दिले तर शिस्तीचे काय? आज गृहपाठ न करणाऱ्याला क्षमा केली तर उद्या सारा वर्गच गृहपाठ सोडून देईल. ही शंका निराधार नाही. पण वरील दोन्ही उदाहरणे नीट पाहिली म्हणजे उत्तर सापडते. नरेंद्राचा तीन वर्षांचा अभ्यास कोणी माफ केला नाही. तो त्याला एका वर्षात करावा लागला. सप्रे यांना आपल्या माघारीची किंमत तपाने मोजावी लागली. राहिलेले काम पुरे करून घेणे ही शिस्त आहे, व ती ढिली करण्याचे कारण नाही. राहिलेल्या कामाबद्दल चारचौघांत मान खाली घालावयास लावणे हा मात्र शिस्तीचा भाग नव्हे. पहिल्याने मूल पुस्तकाकडे वळते, दुसऱ्याने ते शाळेच्या दारातूनच माघारी फिरते. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना जे बोलणे कोणाला उद्वेग देत नाही, सत्य असते, प्रिय असते व हिताचे असते, त्याचाच गौरव केला आहे. ‘तुझे दोन धडे राहिले आहेत, शनिवारपर्यंत पुरे कर’ हे वाक्य सत्य आहे, हिताचे आहे व उद्वेग न देणारेही आहे.

आता त्या रिकाम्या जागेचा विचार केला पाहिजे, कारण खरी कसोटी तेथे आहे. भाताची कापणी-मळणी आटोपली की छत्तीसगडातील महासमुंद, बलौदाबाजार, जांजगीर-चांपा अशा जिल्ह्यांतील अनेक गरीब कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी परप्रांतात जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. ज्या सुटीतून इतर मुले आठ दिवसांत परतली, ती या मुलांसाठी सहा महिन्यांची होते. यात बालकाचा आळस नाही व आईबापांची बेपर्वाईही नाही; पोटाचा प्रश्न आहे. 2010 मध्ये अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने अशा बालकाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसविण्याची व मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण देण्याची तरतूद केली आहे. वर्गात शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. गीतेने योगभ्रष्टाला जे दिले, त्याचीच ही व्यवहारातील छाया म्हणावी. परंतु कायदा जागा देतो. शेजारी सरकून ‘ये, बस’ म्हणणारा सोबती घरच्या संस्कारातून घडवावा लागतो.

त्या संस्काराची शाळा छत्तीसगडात पौष पौर्णिमेला भरते. नवे धान कणगीत आले की ‘छेरछेरा’च्या दिवशी मुले टोळ्याटोळ्यांनी दारोदार जाऊन धान मागतात आणि कोणतेही घर त्यांना रिकाम्या हाताने पाठवीत नाही. त्या दिवशी सधन घरचे मूलही झोळी घेऊन निघते, मजुराच्या घरीही ओंजळभर धान दिले जाते. मागण्यात लाज उरत नाही व देण्यात अहंकार उरत नाही. शाळेतील दुपारचे भोजन हेही असेच एका पंक्तीचे शिक्षण आहे. त्याला जोड म्हणून 2024 मध्ये छत्तीसगडात ‘न्योता भोजन’ ही प्रथा सुरू झाली. वाढदिवस किंवा अन्य शुभप्रसंगी गृहस्थ शाळेतील मुलांना जेवू घालू शकतो. परतफेडीची अपेक्षा नसताना, देणे हे कर्तव्यच आहे या बुद्धीने, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक दान, हे गीतेचे लक्षण येथे सहज साधते.

गृहस्थांनी या दिवसांत पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात, म्हणजे हा विचार केवळ वाचनात राहणार नाही.

(1) सुटी संपण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला जवळ बसवून दप्तर नीट लावावे. काय राहिले आहे ते त्याच्याकडूनच वदवून घ्यावे व त्याबद्दल त्या दिवशी रागावू नये.

(2) वडिलांनी स्वतःचा सुटलेला एखादा नियम, मग तो स्नानसंध्या असो वा गीतापाठ, त्याच दिवशी पुन्हा धरावा. श्रेष्ठ जे करतो त्याचेच इतर अनुकरण करतात, हा तिसऱ्या अध्यायाचा सिद्धांत घरात सर्वांआधी लागू पडतो.

(3) शाळेतून आल्यावर ‘किती गुण मिळाले’ असे विचारण्याआधी ‘आज कोण आले नव्हते’ असे विचारावे. जो आला नाही त्याच्या घरी मुलासह जाऊन चौकशी करावी. लोकसंग्रहाचा हा पहिला धडा आहे.

(4) उशिरा परतलेल्या मुलाला आपल्या मुलाने वही दाखवावी, डबा द्यावा, आणि तो कोठे होता याची थट्टा करू नये, हे घरात समजावून सांगावे.

परप्रांतात नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना तर या विषयाचे मोल अधिकच आहे. रायपुरातील महाराष्ट्र मंडळ संत ज्ञानेश्वरांच्या नावाची शाळा चालविते. ज्यांच्या आईवडिलांना समाजाने परत घेतले नाही, त्या ज्ञानदेवांनीच गीतेच्या या अध्यायाचे रहस्य मराठीत उघडे केले. बाहेर ठेवले जाण्याचे दुःख ज्यांनी बालपणी सोसले, त्यांच्या नावाच्या शाळेत परतणाऱ्याला दार मोकळे असणे हेच त्यांचे खरे स्मरण होय.

पाढा अडखळला तर तो पुन्हा म्हणता येतो. नियम मोडला तर पुन्हा धरता येतो. भगवंतांनी अर्जुनाला जे अभय दिले ते प्रत्येक वर्गाच्या उंबरठ्यावर प्रत्येक बालकाला मिळावे, आणि कोणतीही जागा दीर्घकाळ रिकामी राहू नये, एवढे जरी गृहस्थांच्या हातून घडले, तरी ती श्रीकृष्णचरणी अर्पण केलेली मोठीच सेवा ठरेल.