शब्द आणि अस्त्र

घरी त्रिमिती छपाईयंत्रावर पिस्तूल करण्याचे आराखडे अमेरिकेत कोडी विल्सन याने २०१३ साली आंतरजालावर खुले केले, आणि ते वाटणे हेही भाषणस्वातंत्र्यच होय असा पक्ष मांडला. आपणांस हा वाद नवा नाही. सेनापती बापट व हेमचंद्र कानुनगो यांनी पॅरिसहून बाँबविद्या आणली. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूरला बाँब पडला. न्यायाधीश किंग्जफर्ड वाचला, दोन निरपराध स्त्रिया मेल्या. त्या प्रसंगावर ‘केसरी’त लिहिले म्हणून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा गुन्हा मताचा होता, कृतीचा नव्हे. म्हणून ती शिक्षा अन्याय्य होय.

बापटांच्या देशभक्तीपुढे मस्तक लवते. तरीही प्रश्न उरतोच. मत वाचणारा ते नाकारू शकतो. आराखड्याने ज्याचा घात व्हायचा, त्यास मात्र कोणी विचारीत नाही. अश्वत्थाम्यास अस्त्र सोडता आले, आवरता आले नाही. ते उत्तरेच्या गर्भावर पडले. वाटलेला आराखडाही परत घेता येत नाही.

म्हणून बंधन असावे ते कृतीच्या आराखड्यावर. ते मतापर्यंत पोहोचू लागले, तर आपण गप्प बसू नये.