मागचं प्रकरण

नववी पास झाला आणि त्याच उन्हाळ्यात बाप परांचीवरून पडला. कंबर कायमची गेली. घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पोरगा मामाच्या हाताखाली बिगारी लागला. थापी, ओळंबा, लाइनदोरी हळूहळू हातात बसली आणि पुण्याच्या आसपासच्या साइटवर लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. पण नकाशा उलगडला की ठेकेदार इंजिनिअरकडे वळायचा आणि हा नुसता शेजारी उभा. सिव्हिलचा डिप्लोमा करायचा तर आधी दहावी पाहिजे, हे त्यानं विचारून ठेवलं होतं.

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता आलं असतं. पण दिवसभर विटा उचललेल्या माणसानं घरी पुस्तक उघडलं की पहिल्या पानावरच डोळे मिटतात. तेव्हा रात्रशाळाच बरी. तिथं प्रवेशाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो आणायला जुन्या शाळेत जायचं याला त्यानं दोन पावसाळे घालवले. शिपायानं ओळखलं तर काय सांगायचं? गेला तेव्हा शिपाई बदललेला होता. क्लार्कनं मान वर न करता नाव विचारलं, रजिस्टर काढलं, सही घेतली. दहा मिनिटांचं काम.

पहिल्या रात्री मास्तर म्हणाले, "जोतीराव फुल्यांची शाळाही मध्येच सुटली होती, माहीत आहे? वडिलांनी काढून मळ्यात कामाला लावलं. गफ्फार बेग मुनशी आणि लिजिट साहेबांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा लग्न झालेला हा मुलगा १८४१ साली परत शाळेत गेला. पुढं १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती त्यांनीच."

"ते चौदाचे होते सर. मी बावीसचा आहे."

"मग जरा घाई कर."

प्रवेश उशिरा झाल्यानं भूमितीचं पहिलं प्रकरण होऊन गेलं होतं. दुसरं निघालं पायथागोरसचं. फळ्यावर काटकोन त्रिकोण दिसताच त्यानं हात वर केला. तीन, चार, पाच! पाया आखताना रोजचंच काम. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरका टेप पाच भरला की कोपरा गुण्यात.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "पण का?"

"का म्हणजे? बसतंच ते."

वर्ग हसला. हसणाऱ्यांत वॉचमन होते, कुरिअरवाले होते, दोन लेकरांची आई होती. कुणी वाईट मनानं हसलं नाही. पण ज्या एकाच गोष्टीत आपण इथं वरचढ आहोत असं त्याला वाटलं होतं, तीच गेली. आठवडाभर तो फिरकला नाही. शाळा दुसऱ्यांदा सुटते ती बहुधा अशीच, घरच्या अडचणीनं नव्हे. अडचण सांगता तरी येते.

परत आला तेव्हा मास्तरांनी मागचा विषय काढला नाही. "या 'का'चं उत्तर मागच्या प्रकरणात आहे, समरूपतेत," एवढंच म्हणाले. त्या प्रकरणाची वही होती कँटीनमध्ये कपबशा धुणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराकडं. त्याच्याकडं मागायची म्हणजे जिवावर आलं. मागितली. पोरानं पानावर त्रिकोण काढून काटकोनातून कर्णावर लंब टाकला. "हे बघ दादा, एकाचे दोन झाले. दोन्ही मोठ्यासारखेच, फक्त लहान. बाजूंचं प्रमाण मांड, वर्ग आपोआप येतात." दादाला ते तिसऱ्या रात्री उमगलं.

पुढच्या आखणीला चाळीस फुटी भिंत होती. मामानं सवयीनं तीन-चार-पाच मापलं.

"मामा, बारा-सोळा-वीस घेऊ."

"का?"

आता उत्तर देणं याच्यावर आलं. त्यानं मूठभर फक्की घेऊन जमिनीवर एक लहान आणि एक मोठा त्रिकोण काढला. "चार फुटांवर अर्धा इंच चुकला, तर तीच रेघ चाळीस फुटांवर पाच इंच सरकते. आखणीच मोठी घेतली तर चूक एवढी वाढत नाही."

"इतकी वर्षं असंच करतोय. एक घर पडलं नाही माझं."

"घर पडत नाही मामा. शेवटच्या खोलीत फरशी तिरकी कापावी लागते."

मामानं आयुष्यात किती फरशा तिरक्या कापल्या असतील ते त्यालाच ठाऊक. तो काही बोलला नाही. खिशातला टेप काढून त्यानं भाच्याकडं दिला आणि स्वतः सोळा फुटांवर खुंटी धरून बसला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गणित सुटलं, चांगल्या मार्कांनी सुटलं. इंग्रजीत मात्र उडाला. साइटवर दोन दिवस चेष्टा झाली. तिसऱ्या दिवशी त्यानं पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आणि इंग्रजीची वही कुणाकडं चांगली आहे याची चौकशी सुरू केली. परीक्षा जुलैत होती. पावसामुळं पाया खोदायची कामं तशीही थांबलेलीच असतात.