आपल्याच माणसांची सेवा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता ते चिनी भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. परक्यांसाठी झिजलेला माणूस आपल्याला चटकन मोठा वाटतो.

आता समजा, न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमधली एक सतरा वर्षांची मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी ती शेजारच्या आजीबाईंना दवाखान्यात नेते. डॉक्टरांचं इंग्रजी त्यांना कँटोनीजमध्ये सांगते, औषधांच्या वेळा लिहून देते. तिच्यावर सिनेमा निघणार नाही. उलट कुणीतरी म्हणेल, आपल्याच लोकांसाठी करते ना, त्यात काय एवढं?

हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. ज्ञातीची मंडळं आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या पाहत वाढलेल्या आपल्याला तो पडणारच. ‘आपल्यांसाठी’ म्हणजे जरा मोठ्या आकाराचा स्वार्थ, असं असू शकतं.

पण इथे ‘आपले’ कोणी ठरवले, तेही पाहायला हवं. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. आधीपासून तिथे असलेल्यांना नागरिकत्वही मिळत नव्हतं. मग एका आडनावाच्या, एका जिल्ह्याच्या लोकांनी संघ काढले. नोकरी शोधणं, भांडणं मिटवणं, मेलेल्याच्या अस्थी गावी पाठवणं, सगळं हे संघ करत. बाहेरचं दार बंद होतं म्हणून माणसं एकमेकांना धरून राहिली. अर्थात, या संघांची सूत्रं बहुधा श्रीमंत व्यापाऱ्यांकडे असत, हेही खरं.

पुढच्या पिढीने वेगळं काही केलं. १९७१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये स्वयंसेवकांनी दहा दिवसांचा आरोग्य मेळावा भरवला. त्यांत विद्यार्थी होते, आरोग्यक्षेत्रात काम करणारे तरुण होते. भररस्त्यावर तपासण्या झाल्या, आणि त्याही लोकांच्या भाषेत. दवाखान्याची पायरी न चढणारी माणसं का चढत नाहीत, हे या मुलांना बाहेरच्या कुणापेक्षा लवकर कळत होतं. मेळावा संपला, पण गरज संपली नव्हती. त्यातूनच कायमचा दवाखाना उभा राहिला. आज तो चार्ल्स बी. वांग कम्युनिटी हेल्थ सेंटर या नावाने ओळखला जातो.

मला इथे उत्तराचा धागा दिसतो. आतल्या माणसाला अडचण आधी दिसते, कारण ती त्याच्या घरात असते. त्याच्या मदतीचं मोल म्हणून कमी होत नाही. प्रश्न एवढाच, की जे दिसलं त्याचं पुढे काय होतं? आडनावाच्या संघाला जाता येतं तिथपर्यंतच थांबायचं, की ज्याला कुणी ओळखीचं नाही त्यालाही दार उघडेल अशी सोय करायची?

त्या मुलीकडे पुन्हा पाहू. ती चांगलंच काम करते आहे. पण उद्या डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, तर ते आजीबाईंना तिने सांगायचं? तिच्या वयाला हे ओझं झेपणारं नाही. एखादा वैद्यकीय शब्द चुकला तर जीवावर बेतेल. अमेरिकेत २०१६ पासूनच्या नियमांनुसार, सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांवर दुभाषेपण टाकता येत नाही. दुभाषा पुरवणं हे रुग्णालयाचं काम आहे. पण नियम कागदावर असतो आणि दवाखान्यात गर्दी असते. हुशार, नम्र मुलगी समोर उभी असली की दुभाष्याला बोलवायचं सगळ्यांच्याच डोक्यातून निघून जातं. तिच्या चांगुलपणामुळे रुग्णालयाची उणीव झाकली जाते, आणि ज्या म्हाताऱ्याला अशी शेजारीण नाही तो तसाच खुर्चीत बसून राहतो.

म्हणून मदत बंद करायची का? मुळीच नाही. आजीबाईंना आज धाप लागते आहे, त्या व्यवस्था सुधारेपर्यंत थांबणार नाहीत. हात धरून जायचंच. फक्त खिडकीपाशी पोचल्यावर आधी विचारायचं, दुभाषा कुठे आहे? नसेल तर का नाही? आणि हे पुढच्या खेपेलाही विचारायचं, शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी म्हाताऱ्यासाठीसुद्धा.