वचन, तर्क आणि यदृच्छा

गुन्ह्याचा कर्ता बुद्धीने शोधता येतो आणि तो सापडला की विस्कटलेली नैतिक घडी पुन्हा बसते, असे युरोपातील गुप्तहेरकथेने दीर्घकाळ गृहीत धरले. स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट (१९२१–१९९०) हे प्रॉटेस्टंट पाद्र्याचे पुत्र. त्यांनी १९५८ साली ‘वचन’ या अर्थाच्या शीर्षकाची जी जर्मन कादंबरी लिहिली, तिने या गृहीतकाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली. त्यांच्याच कथेवरून निघालेल्या चित्रपटात खुनी सापडतो. कादंबरीत मात्र त्यांनी तो शेवट मोडून टाकला.

झुरिकचा पोलीस अधिकारी मॅथेई खून झालेल्या ग्रिटली या मुलीच्या आईला स्वतःच्या आत्म्याच्या उद्धाराची शपथ घेऊन खुनी शोधण्याचे वचन देतो. एक फेरीवाला प्रदीर्घ चौकशीनंतर कबुली देऊन कोठडीत गळफास घेतो आणि इतरांच्या लेखी प्रकरण मिटते, परंतु ग्रिटलीने काढलेल्या चित्रातील धिप्पाड माणूस, त्याची मोटार आणि त्याने दिलेले इवलेसे साळू (म्हणजे साळूसारखे काटेरी दिसणारे चॉकलेटचे गोळे) यांवरून मॅथेई खऱ्या खुन्याचा माग काढतो. हमरस्त्यावर पेट्रोल पंप घेऊन, ग्रिटलीसारख्याच दिसणाऱ्या ॲनमरी या मुलीला आमिष म्हणून ठेवून तो वाट पाहतो. त्याचा तर्क बिनचूक असतो, खुनी खरोखरच निघालेला असतो, पण वाटेत मोटार अपघातात मरतो. आणि हे ठाऊक नसलेला मॅथेई वर्षानुवर्षे तिथेच दारूत बुडून राहतो.

यदृच्छेने, म्हणजे ज्यामागे हेतू वा योजना नाही अशा घटनेने, तर्काचा पराभव केला, असा या कथेचा अर्थ सहसा लावला जातो. तो अपुरा आहे, कारण पहिला दोष त्या वचनातच आहे. माणसाला प्रयत्नाचे वचन देता येते, फळाचे नव्हे. आणि उद्धार कर्माने कमावता येत नाही, तो ईश्वरी कृपेचे दान आहे, असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेच्या दृष्टीने तर मॅथेईने जे पणाला लावले ते त्याच्या मालकीचेच नव्हते. त्याहून गंभीर दोष असा की, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये हा तत्त्वज्ञ कांटचा नीतिनियम त्याने न्यायाच्याच नावाने मोडला आणि मेलेल्या मुलीसाठी जिवंत मुलीचा जीव डावावर लावला. ज्या अपघाताने त्याचा तर्क हुकवला, त्याच अपघाताने तिच्यावर चालून येणारा माणूस थांबवला, ही गोष्ट वाचकांच्या नजरेतून सहज निसटते.

मॅथेईबरोबर दबा धरून थकलेले पोलीस अधिकारी शेवटी निरागस ॲनमरीलाच मारहाण करतात. ड्युरेनमाट यांनी लिहिलेले हे बहुधा सर्वांत असह्य पान असावे. कथा सांगणारा निवृत्त पोलीसप्रमुख, जो साऱ्या अपयशाचे खापर यदृच्छेवर फोडतो, तोही त्या मारणाऱ्यांत होता, आणि म्हणून त्याचे तत्त्वज्ञान कादंबरीचा निष्कर्ष म्हणून नव्हे, तर एका आरोपीचा जबाब म्हणून वाचावे लागते.